बॅकअप आहे, पण तो दुसऱ्या सर्व्हरवर उभा राहतो का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती झाली, हे सांगलीत घरोघरी विचारले जाते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर या शहराने पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्यानंतर अनेक पतसंस्था, बँका, दवाखाने आणि मार्केट यार्डातल्या पेढ्यांनी आपला संगणकी हिशेब एकाच इमारतीत ठेवायचे बंद केले. मुख्य कार्यालयातल्या डेटाबेसची चालू प्रत मिरजेला, कुपवाडला किंवा पुण्याला जाऊ लागली आणि रात्रीचा बॅकअपही वेगळ्या जागी राहू लागला. हे चांगलेच झाले. पण बॅकअपची फाइल असणे वेगळे आणि त्या फाइलमधून दुसऱ्याच सर्व्हरवर संस्थेचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करणे वेगळे. मूळ डेटाबेस रेप्लिकेशनमध्ये असेल, म्हणजे त्याची प्रत सतत दुसरीकडे जात असेल, तर हे काम आणखी नाजूक होते. या विषयावर मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत. आपण जागा द्यावी, ही विनंती.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकून एका तक्त्यातल्या सगळ्या नोंदी पुसल्या, तर त्या मिरजेच्या प्रतीतूनही काही सेकंदांत पुसल्या जातात. आरशाने समोरचेच दाखवायचे असते, कालचे नव्हे. कालचे हवे असेल तर बॅकअपच लागतो.

दुसरे असे की, ती प्रत पूर्ण असतेच असे नाही. इथल्या संस्थांत बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर दिसतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. त्यातल्या ट्रान्झॅक्शनल रेप्लिकेशनमध्ये (प्रत्येक व्यवहार पुढे पाठवणाऱ्या प्रकारात) प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारी खूण, नसलेला तक्ता पाठवताच येत नाही. जुन्या फॉक्सप्रोच्या फाइलींवरून उचललेल्या सॉफ्टवेअरमध्ये असे तक्ते हमखास सापडतात: व्याजदरांचा तक्ता, सुट्ट्यांची यादी, पावतीपुस्तकांची नोंद. पब्लिकेशन, म्हणजे पुढे पाठवायच्या तक्त्यांचा संच, तयार करणाऱ्याने ते सोडून दिलेले असतात आणि मिरजेच्या सर्व्हरवर ते नसतातच. जे तक्ते जातात तेही आपल्या सगळ्या लवाजम्यासह जात नाहीत. ठरलेल्या पर्यायांना हात लावला नसेल तर फॉरेन की (दोन तक्ते जोडणारे बंधन), ट्रिगर (नोंद बदलताच आपोआप चालणारी आज्ञा) आणि नॉनक्लस्टर्ड इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) मागेच राहतात. रिपोर्ट काढायला अशी प्रत पुरेशी असते. पण तिच्यावर रोजचे काम चालवायचे म्हटले की ट्रिगर नसल्याने शिल्लक अद्ययावत होत नाही आणि इंडेक्स नसल्याने साधा खातेउतारा निघायला मिनिटे लागतात. म्हणून आमचे स्पष्ट मत असे: आपत्तीत उभा करायचा तो मुख्य डेटाबेसचा, म्हणजे पब्लिशरचा, बॅकअप. सबस्क्रायबरची, म्हणजे बदल घेणाऱ्या सर्व्हरवरची, प्रत जोडीला ठेवावी. तिचा उपयोग कुठे होतो ते पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष रिस्टोअर. दुसऱ्या सर्व्हरवर बसल्यावर पहिले काम फाइल तपासण्याचे. 'रिस्टोअर हेडरओन्ली' ही आज्ञा बॅकअप केव्हाचा, कोणत्या आवृत्तीचा आणि पूर्ण आहे की डिफरन्शिअल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांचा), ते सांगते. 'रिस्टोअर फाइललिस्टओन्ली' आतल्या फाइलींची नावे, मूळ जागा आणि आकार दाखवते. 'रिस्टोअर व्हेरिफायओन्ली' चेकसमसह, म्हणजे पडताळणीच्या आकड्यासह, चालवली तर फाइल वाटेत खराब झाली आहे का ते कळते. पण त्यासाठी बॅकअप घेतानाच चेकसमचा पर्याय चालू असावा लागतो. या तीन आज्ञांना डेटाबेसच्या आकारानुसार काही मिनिटे जातात आणि पुढचा अर्धा दिवस वाचतो.

आवृत्तीचा नियम सोपा आहे. जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या सर्व्हरवर चढतो, नव्याचा जुन्यावर चढत नाही. मुख्य कार्यालयात २०१९ आणि पर्यायी जागी २०१६ असेल तर तो पर्यायी सर्व्हर निरुपयोगी. खर्च वाचवायला पर्यायी जागी फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती टाकलेली असते, तिथे दुसरी अडचण येते. २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसच्या डेटा फाइलींना १० जीबीची मर्यादा आहे. पाच-सहा वर्षांच्या नोंदी साठलेल्या पतसंस्थेचा डेटाबेस सहज त्यापुढे जातो. शिवाय एक्स्प्रेस सबस्क्रायबर होऊ शकते, पब्लिशर होऊ शकत नाही. म्हणजे तिच्यावर डेटाबेस बसला तरी पुढे शाखांकडे रेप्लिकेशन सुरू करता येणार नाही.

यानंतर जागेचा प्रश्न येतो आणि रेप्लिकेशनवाला डेटाबेस सर्वांत जास्त फसवतो तो इथेच. म्हणून इथे थोडे थांबतो.

डेटाबेसची प्रत्येक हालचाल आधी लॉग फाइलमध्ये लिहिली जाते. नेहमीच्या डेटाबेसमध्ये लॉगचा बॅकअप झाला की तो भाग पुन्हा वापरायला मोकळा होतो. रेप्लिकेशन असले की आणखी एक अट लागते. लॉग रीडर एजंटने (लॉग वाचणाऱ्या प्रोग्रॅमने) तो भाग वाचून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे बदल साठवून पुढे वाटणाऱ्या सर्व्हरकडे, पोचवलेला असला पाहिजे. एजंट बंद पडला, त्याचा पासवर्ड बदलला किंवा डिस्ट्रिब्युटर भरला, तर लॉग मोकळा होत नाही, कितीही लॉग बॅकअप घेतले तरी. फाइल वाढत राहते, ८ जीबीची ६० जीबी होते. कारण पाहायचे तर सिस.डेटाबेसेस या सर्व्हरच्या स्वतःच्या यादीतला 'लॉग_रियूज_वेट_डेस्क' हा रकाना उघडावा. तिथे 'रेप्लिकेशन' असे दिसले तर रोग कळला.

याचा बॅकअपवर दुहेरी परिणाम होतो. पूर्ण बॅकअपमध्ये लॉगचा न पोचवलेला भागही घ्यावा लागतो, त्यामुळे बॅकअपची फाइल एखाद्या आठवड्यात कारण नसताना फुगलेली दिसते. फुगलेली फाइल दिसली की डिस्क मोठी करून गप्प बसू नये, एजंट तपासावा. दुसरा परिणाम रिस्टोअरच्या वेळी होतो. रिस्टोअर करताना लॉग फाइल मूळ सर्व्हरवर जितकी होती तितक्याच आकाराची तयार केली जाते, ती आतून रिकामी असली तरी. बॅकअपची फाइल ५ जीबीची आणि नव्या सर्व्हरवर १०० जीबी मोकळे, म्हणून माणूस निश्चिंत असतो. मग सर्व्हर म्हणतो, जागा अपुरी. 'फाइललिस्टओन्ली'तला आकाराचा रकाना आधी वाचला असता तर हे कळले असते. शिवाय डेटा फाइल झटपट तयार करायची सोय असते, पण लॉग फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत शून्याने भरली जाते. साध्या हार्ड डिस्कवर ६० जीबी भरायला वेळ लागतो आणि तोवर पडद्यावर शून्य टक्केच दिसत राहतात. घाबरून मध्येच रद्द करणे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे, हा पुराच्या रात्री होणारा सर्वांत महागडा गोंधळ. उपाय आधीच, कोरड्या दिवसांत करायचा असतो. एजंट दुरुस्त करावा, लॉगचा बॅकअप घ्यावा, लॉग फाइल योग्य आकाराला आणावी आणि मग नवा पूर्ण बॅकअप घ्यावा.

जागा पुरेशी असली की पूर्ण बॅकअप 'नोरिकव्हरी'ने, म्हणजे डेटाबेस वापरासाठी न उघडता, चढवायचा. नव्या सर्व्हरवर डी ड्राइव्ह नसेल तर 'विथ मूव्ह' लिहून प्रत्येक फाइलला नवी जागा द्यायची. त्यावर शेवटचा डिफरन्शिअल, मग त्यानंतरचे लॉग बॅकअप क्रमाने, आणि सर्वांत शेवटी एकदाच 'रिकव्हरी'. मध्येच चुकून 'रिकव्हरी' दिली तर पुढचे लॉग चढत नाहीत आणि सगळे पुन्हा करावे लागते. एक सूचना सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. चाचणीसाठी मधेच पूर्ण बॅकअप घ्यायचा झाला तर 'कॉपी_ओन्ली'ने घ्यावा. नाहीतर त्यानंतरचे सगळे डिफरन्शिअल त्या मधल्या बॅकअपवर अवलंबून राहतात आणि ती फाइल कोणाच्या पेनड्राइव्हमध्ये गेली ते ऐन वेळी कोणालाच आठवत नाही.

मग येते रेप्लिकेशनची खूण. बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर केला की एसक्यूएल सर्व्हर त्या डेटाबेसमधली रेप्लिकेशनची मांडणी सहसा काढून टाकतो. तेच योग्य आहे. पब्लिकेशन, सबस्क्रिप्शन, डिस्ट्रिब्युशन डेटाबेस आणि एजंटांचे जॉब हे सगळे जुन्या सर्व्हरच्या नावाशी बांधलेले असते आणि त्यातला बराचसा भाग या डेटाबेसच्या बॅकअपमध्ये नसतोच. 'कीप_रेप्लिकेशन' नावाचा एक पर्याय आहे. नावावरून तो अगदी हवाहवासा वाटतो आणि पुष्कळ जण तो घालतात. तो लॉग शिपिंगसोबत (लॉग बॅकअप पर्यायी सर्व्हरवर चढवत राहण्याच्या पद्धतीसोबत) रेप्लिकेशन चालवणाऱ्यांसाठी आहे आणि त्यासाठी पर्यायी सर्व्हरची खास तयारी आधीच करावी लागते. तशी तयारी नसताना तो घातला तर डेटाबेस स्वतःला पब्लिश्ड समजत राहतो. लॉग रीडर तर कुठेच नाही. लॉग पुन्हा फुगू लागतो, आणि एखादा तक्ता काढायला गेले तर तो रेप्लिकेशनमध्ये वापरात असल्याचे कारण देऊन सर्व्हर नकार देतो. 'नोरिकव्हरी'सोबत तर हा पर्याय चालतच नाही.

म्हणून रिस्टोअर झाल्यावर सिस.डेटाबेसेसमध्ये 'इज_पब्लिश्ड', 'इज_मर्ज_पब्लिश्ड' आणि 'लॉग_रियूज_वेट_डेस्क' हे तीन रकाने पाहावेत. खूण शिल्लक असेल तर 'एसपी_रिमूव्हडीबीरेप्लिकेशन' ही प्रोसिजर त्या डेटाबेसवर चालवावी. ती आज्ञा देण्यापूर्वी खिडकीच्या वर सर्व्हरचे नाव मोठ्याने वाचावे. हीच आज्ञा चुकून चालत्या मुख्य सर्व्हरवर गेली तर चालू रेप्लिकेशन मोडते.

लॉगिनचा घोळ सगळ्यांना भेटतो. लॉगिन आणि पासवर्ड मास्टर डेटाबेसमध्ये असतात, डेटाबेसच्या आत फक्त यूझर असतो. दोघांची गाठ नावाने नव्हे, एसआयडी नावाच्या अंतर्गत क्रमांकाने बांधलेली असते. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचे, त्याच पासवर्डचे लॉगिन हाताने तयार केले तरी क्रमांक वेगळा पडतो आणि काउंटरवरच्या संगणकाला सर्व्हर आत शिरू देत नाही. प्रत्येक यूझरसाठी 'अल्टर यूझर' लिहून 'विथ लॉगिन'ने गाठ पुन्हा बांधता येते. त्याहून चांगले म्हणजे मूळ सर्व्हरवरून लॉगिन एसआयडीसह स्क्रिप्ट करून ठेवावीत आणि ती फाइल प्रत्येक बॅकअपसोबत जावी. डेटाबेस टीडीईने (डेटाबेसच्या फाइली कूटबद्ध करणाऱ्या सोयीने) कूटबद्ध असेल तर सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की वेगळी जपलेली असली पाहिजे. ती नसेल तर बॅकअप कितीही निर्दोष असला तरी उघडणार नाही, आणि त्यावर कोणाकडेही उपाय नाही. सर्टिफिकेट त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवण्यासारखे आहे.

जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे, एमएसडीबी या सर्व्हरच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. ठेवींवर व्याज टाकणे, सभासदांना एसएमएस पाठवणे, पिग्मी एजंटांच्या यंत्रातून भरणा उचलणे, ही कामे बहुधा रात्रीच्या जॉबने होतात. नव्या सर्व्हरवर ते आणताना सगळे आधी बंद अवस्थेत आणावेत आणि एकेक वाचून चालू करावेत. चाचणीच्या सर्व्हरवर ते चालू राहिले तर रात्री बारा वाजता खऱ्या सभासदांना खोटे एसएमएस जातात. लिंक्ड सर्व्हरमार्फत, म्हणजे दोन सर्व्हरांमधल्या थेट जोडणीतून, जॉब मुख्य सर्व्हरवर लिहीत असेल तर व्याज दोनदा पडू शकते. म्हणून चाचणीचा सर्व्हर मुख्य जाळ्यापासून तोडूनच चालू करावा. फक्त डेटाबेसचे नाव बदलून भागत नाही.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी असे आम्हाला वाटते ती क्रमांकांची. पावती क्रमांक, व्हाउचर क्रमांक बहुतेक वेळा आयडेंटिटी रकान्यातून आपोआप येतात. सबस्क्रायबरवर दोन प्रकार दिसतात. कधी त्या रकान्याची आयडेंटिटी गेलेलीच असते, तो साधा आकडा असतो. मग नवी पावती टाकताना क्रमांकच येत नाही. कधी आयडेंटिटी असते पण 'नॉट फॉर रेप्लिकेशन' या खुणेसह. अशा वेळी रेप्लिकेशन एजंट मुख्य सर्व्हरवरचे क्रमांक जसेच्या तसे घालतो, पण सबस्क्रायबरचा स्वतःचा गणक, म्हणजे पुढचा क्रमांक ठरवणारा आकडा, पुढे सरकत नाही. तक्त्यात ४ लाख ८० हजार पावत्या आणि गणक एकवर. त्या प्रतीवर कामकाज सुरू केले की पहिलीच पावती जुन्या क्रमांकाशी आदळते. प्रायमरी की त्याच रकान्यावर असेल तर निदान चूक समोर दिसते. ती दुसऱ्या रकान्यावर असेल तर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निमूट तयार होतात आणि ते उघडकीला येते लेखापरीक्षणात. उपाय एका ओळीचा आहे: प्रत्येक अशा तक्त्यावर 'डीबीसीसी चेकआयडेंट' रिसीडसह. नवा आकडा न घालता दिली तर गणक तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या क्रमांकापर्यंत येतो. पण अशा तक्त्यांची यादी आधी तयार हवी.

पब्लिशरच्या बॅकअपमध्ये गणक बरोबर असतो, तरी तिथे वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शेवटचा लॉग बॅकअप दुपारी ३ चा आणि सर्व्हर ३ वाजून १२ मिनिटांनी बंद केला, तर त्या बारा मिनिटांत काउंटरवरून दिलेल्या छापील पावत्या सभासदांच्या हातात आहेत आणि डेटाबेसमध्ये नाहीत. नवा सर्व्हर तेच क्रमांक पुन्हा देईल. म्हणून रिस्टोअरनंतर गणक दिवसभराच्या पावत्यांपेक्षा मोठ्या अंतराने पुढे न्यावा आणि मधली पोकळी का सोडली याची लेखी नोंद व्यवस्थापकाच्या सहीने ठेवावी. लेखापरीक्षकाला ती दाखवली की प्रश्न मिटतो.

आणि इथेच मिरजेच्या प्रतीचा खरा उपयोग होतो. शेवटच्या लॉगनंतरच्या काही नोंदी रेप्लिकेशनने तिच्यापर्यंत पोचलेल्या असू शकतात. म्हणजे सबस्क्रायबर नव्याने उभ्या केलेल्या पब्लिशरच्या पुढे असतो. घाईने नवे रेप्लिकेशन जोडून स्नॅपशॉट, म्हणजे तक्त्यांची सुरुवातीची पूर्ण प्रत, चालवला तर सबस्क्रायबरवरचे तक्ते पाडून नव्याने भरले जातात आणि त्या बारा मिनिटांचा एकमेव पुरावा जातो. आधी सबस्क्रायबरचा स्वतंत्र बॅकअप घ्यावा. एसक्यूएल सर्व्हरसोबत येणारे 'टेबलडिफ' हे साधन दोन तक्ते ताडून फरक दाखवते. जास्तीच्या नोंदी काउंटरच्या कागदांशी जुळवून मगच नव्या डेटाबेसमध्ये घालाव्यात. शाखांनी त्या दिवसाच्या स्थळप्रती जपून ठेवल्या तर हे काम तासाभराचे होते.

रेप्लिकेशन पुन्हा बांधताना ते नव्याने बांधलेले बरे. जुन्या मांडणीची स्क्रिप्ट आधी काढून ठेवलेली असेल तर तिच्यात सर्व्हरचे नाव बदलून वापरता येते. नाव खरे असावे लागते, आयपी पत्ता चालत नाही. व्हर्च्युअल मशीनची नक्कल करून संगणकाचे नाव बदलले असेल तर एसक्यूएल सर्व्हर आत जुनेच नाव धरून बसतो. '@@सर्व्हरनेम' विचारून पाहावे. ते जुळत नसेल तर 'एसपी_ड्रॉपसर्व्हर', मग 'एसपी_अ‍ॅडसर्व्हर' लोकल म्हणून, आणि सेवा पुन्हा सुरू. शाखेकडे जाणारी लाइन मंद असेल तर स्नॅपशॉट पाठवण्याच्या भरीला पडू नये. ४० जीबीचा डेटा १० एमबीपीएसच्या लाइनवरून जायला, लाइन एकदाही न तुटता, नऊ तास लागतात. पुराच्या दिवसांत लाइन न तुटण्याची खात्री कोणी देणार नाही. बॅकअप हार्ड डिस्कवर घेऊन गाडीने न्यावा, तिथे रिस्टोअर करावा आणि सबस्क्रिप्शन 'इनिशियलाइझ विथ बॅकअप' या पर्यायाने जोडावे. पब्लिकेशनमध्ये ती परवानगी आधी चालू करावी लागते आणि ती चालू केल्यानंतर घेतलेलाच बॅकअप चालतो.

ज्यांना मुख्य सर्व्हर कोसळल्यावर बॅकअप आणि रेप्लिकेशन एकमेकांशी जुळतील अशी खात्री हवी, त्यांच्यासाठी 'सिंक विथ बॅकअप' हा पर्याय आहे. तो पब्लिकेशन डेटाबेसवर लावला की ज्या नोंदींचा बॅकअप झाला त्याच पुढे जातात. प्रत तितकी मागे राहते: दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप असेल तर साधारण १५ मिनिटे. मात्र तो लावला की वर सांगितलेला बारा मिनिटांचा पुरावा सबस्क्रायबरकडे नसेल. दोन्ही एकदम मिळत नाही. आमच्या मते लहान संस्थांनी हा पर्याय न लावता लॉग बॅकअप ५ मिनिटांवर आणावा आणि तो लगेच दुसऱ्या जागी पोचेल अशी सोय करावी.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. मायएसक्यूएलच्या रेप्लिकाची (प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरची) डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवली तर तिच्यातल्या 'ऑटो.सीएनएफ'मध्ये जुनीच सर्व्हर ओळख असते. नवे यंत्र सुरू होताच मुख्य सर्व्हरला जोडले जाते, आणि एकाच ओळखीचे दोन रेप्लिका एकमेकांना बाहेर ढकलत राहतात. आधी ती फाइल काढावी, 'सर्व्हर_आयडी' बदलावा, 'स्किप-रेप्लिका-स्टार्ट'सह सुरू करावे आणि स्वतंत्र सर्व्हर हवा असेल तर 'रिसेट रेप्लिका ऑल' द्यावे. पोस्टग्रेसमध्ये लॉजिकल रेप्लिकेशनच्या सबस्क्रायबरची पूर्ण भौतिक प्रत दुसरीकडे उभी केली की ती त्याच स्लॉटमधून (मुख्य सर्व्हरने त्या सबस्क्रायबरसाठी राखलेल्या रांगेतून) बदल ओढू शकते आणि खरा सबस्क्रायबर उपाशी राहतो. 'पीजी_डंप'ने घेतलेल्या प्रतीत सबस्क्रिप्शन बंद अवस्थेत येते, ते जास्त सुरक्षित. सोडून दिलेल्या सबस्क्रायबरचा स्लॉट मुख्य सर्व्हरवर तसाच राहिला तर 'पीजी_वॉल' ही लॉगची डिरेक्टरी फुगत जाऊन डिस्क भरते, म्हणजे वरचीच लॉगची कथा.

आता जुन्या सर्व्हरविषयी. पाणी ओसरते, इमारत धुऊन निघते, वीज येते आणि कोणीतरी सद्भावनेने पहिल्या मजल्यावरचा जुना सर्व्हर चालू करतो. त्याच्यावरचे एजंट सेवा सुरू होताच आपोआप कामाला लागतात. लॉग रीडर उरलेल्या जुन्या नोंदी डिस्ट्रिब्युटरकडे आणि तिथून शाखांकडे पाठवू लागतो. शाखांकडे आता दोन मुख्य सर्व्हरांकडून नोंदी येत असतात. हे निस्तरायला पुरात गेलेल्या दिवसांपेक्षा जास्त दिवस जातात. नवा सर्व्हर कामाला लागला की त्याच दिवशी जुन्याची नेटवर्कची वायर काढावी आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावी. चालू करायचाच झाला तर वायर काढलेलीच ठेवून आधी एसक्यूएल एजंटची सेवा बंद करावी. त्याच्या डिस्कवर राहिलेला शेवटचा लॉग मात्र अनमोल असतो, म्हणून फॉरमॅट करण्याची घाई नको.

चाचणी पुरी झाली हे कशावरून ठरवायचे? पडद्यावर 'यशस्वी' आले म्हणून नव्हे. 'डीबीसीसी चेकडीबी' ही डेटाबेसची अंतर्गत तपासणी स्वच्छ यायला हवी, ही पहिली पायरी. पुढचे काम संगणकवाल्याचे नाही, लेखापालाचे आहे. नव्या सर्व्हरवरून आदल्या दिवशीची तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) काढावी, रोजकीर्दीची अखेर शिल्लक पाहावी, ठेवींची आणि कर्जांची एकूण बाकी, सभासदसंख्या आणि शेवटचा पावती क्रमांक मुख्य सर्व्हरवरच्या आकड्यांशी ताडावा. रुपया-पैशाने जुळले तरच रिस्टोअर झाला. आणि एका काउंटरवरून चाचणी म्हणून पाच पावत्या, एक ठेव, एक कर्जहप्ता टाकून पाहावा. ट्रिगर, गणक आणि लॉगिन यांची परीक्षा त्यातूनच होते.

पतसंस्थांच्या संचालकांना आणि सचिवांना आमची विनंती आहे. मार्चअखेरची कामे आटोपली की एप्रिल किंवा मे महिन्यातला एक रविवार या कामासाठी ठेवावा. सॉफ्टवेअर पुरवठादाराशी करार करताना 'बॅकअप घेतला जाईल' एवढे वाक्य पुरेसे मानू नये. वेगळ्या सर्व्हरवर, मुख्य सर्व्हरला हात न लावता, रेप्लिकेशनसह पुन्हा उभा करून दाखवणे, वर्षातून दोनदा, असे लेखी घ्यावे. पायऱ्यांचा कागद छापून पर्यायी जागीच ठेवावा, कारण बुडालेल्या सर्व्हरवरची फाइल वाचता येत नाही. सभासदांनीही ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या प्रश्नानंतर हा प्रश्न जरूर विचारावा: शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या सर्व्हरवर झाली, किती तास लागले आणि तेरीज जुळली का?

आपले,
सांगली-मिरज-कुपवाड परिसरात डेटाबेसचे काम पाहणारे काही तंत्रज्ञ